एसी मेकॅनिकची शिकाऊ उमेदवारी : गेज कोणाच्या हातात, बादली कोणाच्या हातात?

१९४७ चा औद्योगिक विवाद कायदा काढून बघा. 'कामगार' म्हणजे कोण, हे सांगताना त्या कायद्याने व्याख्येत एक छोटा कंस घातला होता : शिकाऊ उमेदवार धरून. आता २०२० ची औद्योगिक संबंध संहिता काढा, जी २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर लागू झाली. तिथेही कामगाराची व्याख्या आहे आणि तिथेही कंस आहे. फरक एवढाच, की 'धरून' गेले आणि त्या जागी 'वगळून' आले. एका शब्दाची ही अदलाबदल वर्तमानपत्रांनी छापली नाही, टीव्हीवर तिची चर्चा झाली नाही. संहितांविरुद्ध मोर्चे काढणाऱ्या मोठमोठ्या संघटनांच्या पत्रकांतही हा कंस मला फारसा दिसला नाही. नेमके सांगायचे तर घाव जुनाच आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याचे कलम १८ आधीपासून सांगतेच, की शिकाऊ हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही, आणि कामगारांचे कायदे त्याला लागू नाहीत. पण निदान दुसऱ्या एका कायद्यात त्याचे नाव कामगारांच्या यादीत होते, त्याच्या आधारे भांडायला थोडी जागा होती. नव्या संहितेने तीही बुजवली.

हा कंस आपल्या गोंदिया जिल्ह्यात कोणाच्या अंगावर येतो? सडक अर्जुनी, देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव इथल्या त्या मुलाच्या, ज्याची आई रोवणीला आणि कापणीला जाते, ज्याचे घर मे महिन्यात तेंदूपत्ता तोडते, आणि ज्याने दहावीनंतर दोन वर्षे आयटीआयला जाऊन रेफ्रिजरेशन अँड एअर कंडिशनिंगचा ट्रेड पास केला. सरकारी कागदावर तो 'प्रशीतन व वातानुकूलन तंत्रज्ञ', आयटीआयच्या पोरांत 'आरएसीवाला', आणि गावात सरळ 'एसीवाला पोरगा'.

पोराने ट्रेड चांगला निवडला, यात शंका नाही. गोंदियाचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. आणि घरातला एसी हा या धंद्याचा लहानसा भाग आहे. ऑपरेशन थिएटर, रक्तपेढी, लसींचा साठा, शीतगृह, बँकेची सर्व्हर रूम, रेल्वेचा एसी डबा, वीज केंद्राची कंट्रोल रूम, हे सगळे थंड ठेवावे लागते आणि बारा महिने ठेवावे लागते. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा आज फक्त धानाचा आणि विडीचा राहिलेला नाही. तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचे वीज केंद्र आहे, गोंदियाला २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, रेल्वेचे मोठे जंक्शन तर इंग्रजांच्या काळापासून आहे. केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशाचा शीतकरण कृती आराखडा काढला, त्यात एक लाख तंत्रज्ञ तयार करण्याचे लक्ष्य लिहिले आहे. म्हणजे काम आहे, मागणी आहे, सरकारी कागदावर गौरवही आहे. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. ज्या दिवशी हा मुलगा कंपनीत किंवा ठेकेदाराकडे शिकाऊ म्हणून पहिले पाऊल टाकतो, त्या दिवशी त्याच्या पाठीशी कोण उभे असते?

आधी पैशाचा हिशेब करू. २०१९ च्या नियमदुरुस्तीने आयटीआय पास शिकाऊला महिन्याला किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरवले. सव्वीस दिवसांनी भागा. दिवसाला २७० रुपयांच्या आसपास पडतात. रोजगार हमीवर माती टाकणाऱ्या मजुराला २०२५-२६ साठी महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये दर जाहीर झाला होता. म्हणजे ज्या बापाने मुलाला मातीकामातून सुटावा म्हणून आयटीआयला घातले, त्या बापाची मजुरी मुलाच्या विद्यावेतनापेक्षा जास्त! मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतनात ३६ टक्के वाढीची शिफारस केली. ठीक आहे, वाढवा. पण एक लक्षात घ्या, हे वेतन नाही, विद्यावेतन आहे. किमान वेतनाचा कायदा त्याला शिवत नाही, कारण वेतन संहितेनेही शिकाऊला 'कर्मचारी' या शब्दातून बाहेर ठेवले आहे. यावर कोणी म्हणेल, अरे बाबा, तो शिकतो आहे, शिकणाऱ्याला पगार कसला? हा युक्तिवाद मला मान्य झाला असता, जर तो खरोखर शिकत असता.

तो काय करतो ते बघू. मोठ्या इमारतीचे एसीचे काम ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गच्चीवर किंवा तळघरात चिलर असतो, तो पाणी गार करतो. ते पाणी पाइपातून एअर हँडलिंग युनिटकडे जाते, तिथे मोठ्या कॉइलवरून पंखा हवा फेकतो आणि गार हवा पत्र्याच्या डक्टमधून खोल्याखोल्यांत जाते. या साखळीत दोन तऱ्हेची कामे आहेत. एक, गेज लावून गॅसचा दाब वाचणे, दाब आणि तापमान जुळवून बिघाड कुठे आहे ते ओळखणे, नायट्रोजन भरून गळती शोधणे, तांब्याची नळी ब्रेझिंगने जोडणे, व्हॅक्यूम मारणे, वजन करून गॅस भरणे, कंट्रोल पॅनेलचे वायरिंग वाचणे. दुसरे, फिल्टर काढून धुणे, कॉइलवरचा मळ धुणे, ड्रेन ट्रेमधला शेवाळाचा गाळ हाताने काढणे, कूलिंग टॉवरची टाकी खरवडणे, कॉम्प्रेसर खांद्यावर घेऊन जिना चढणे.

दुसरी कामे हलकी आहेत असे मी म्हणत नाही. धुतल्याशिवाय यंत्र चालत नाही आणि प्रत्येक मेकॅनिकने ती करायलाच हवीत. पण सहा महिने, आठ महिने, वर्षभर फक्त तीच? ज्या मुलांशी बोलणे होते ती सांगतात, की गेजला हात लावू दिला तो शेवटच्या महिन्यात, तोही फोटो काढण्यापुरता. आणि कोणाला आधी गेज मिळते, कोणाला शेवटपर्यंत बादली मिळते, हे कसे ठरते? उस्तादाचा भाचा असेल, ठेकेदाराच्या गावचा असेल, सुपरवायझरच्या समाजाचा असेल, तर आठवड्यात गेज. आडनाव ऐकून दोन सेकंद थांबणारा सुपरवायझर असेल, तर बादली. 'तुमच्या लोकांना साफसफाईची सवय असते' हे वाक्य आजही बोलले जाते, हसत हसत बोलले जाते आणि बोलणाऱ्याला त्यात काही वावगे वाटत नाही. यात शिवीगाळ नसते, धक्काबुक्की नसते. तक्रार करायची म्हटली तर कागदावर लिहायला काही सापडत नाही. वर्ष संपते, हातात प्रमाणपत्र येते आणि मुलगा बाजारात उतरतो तेव्हा त्याला गॅस भरता येत नाही. मग तोच मालक म्हणतो, राखीववाल्यांत गुणवत्ता नसते!

ही गोष्ट आपल्याला नवी नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात पगार चांगला होता आणि त्या खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धाग्याला तोंड लागते, थुंकी लागते, विटाळ होतो. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी गिरणी कामगारांच्या पुढाऱ्यांना हा प्रश्न विचारला तेव्हा त्यांना तो वर्गलढ्यात फूट पाडणारा वाटला. पुढे १२-१३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही या दोन शत्रूंबद्दल बाबासाहेब तिथे बोलले, एवढे आपण प्रत्येक भाषणात सांगतो. पण त्याच भाषणात ते रेल्वेच्या नोकरीत खोलवर शिरले होते, हे सांगायचे विसरतो. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच निवृत्त होतो, हे त्यांनी मांडले. त्याला साधे पोर्टरही करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरची कामे करावी लागतात आणि आपला माणूस घरात चालत नाही. रेल्वे कारखान्यांत मेकॅनिकच्या, फोरमनच्या जागी आपला माणूस दिसत नाही. बाबासाहेबांना हे ठाऊक होते, की जात गावच्या पाणवठ्यावर थांबत नाही. ती कारखान्यात येते, हजेरीपटावर बसते आणि कोणी कोणते अवजार धरायचे ते ठरवते.

म्हणूनच ऑक्टोबर १९४२ मध्ये, मजूरमंत्री झाल्यावर काही महिन्यांतच, त्यांनी व्हाइसरॉयला अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले, त्यात तांत्रिक शिक्षणाची मागणी होती. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने सरकारच्या हातात आहेत, तिथे आमच्या मुलांना शिकाऊ म्हणून घ्या, असे ते म्हणत होते. मेहेरबानीने मिळणाऱ्या शिपायाच्या जागेपेक्षा कारखान्यातले कसब त्यांना मोलाचे वाटत होते. आपल्या चळवळीने त्या निवेदनातली विलायतेच्या शिष्यवृत्तीची मागणी लक्षात ठेवली. शिकाऊची मागणी धूळ खात पडली.

आता एक गोष्ट सांगतो, जी आपल्या शंभर कार्यकर्त्यांपैकी पाचांनाही ठाऊक नसावी. 'खासगी क्षेत्रात आरक्षण द्या' ही मागणी आपण वर्षानुवर्षे करतो. शिकाऊ उमेदवारी कायद्याचे कलम ३अ काय म्हणते? प्रत्येक मालकाने प्रत्येक अधिसूचित ट्रेडमध्ये अनुसूचित जाती आणि जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखीव ठेवल्या पाहिजेत. इथे 'मालक' म्हणजे सरकारी आणि खासगी दोन्ही. ओबीसींसाठी ३ब नंतर आले. आणि २०१९ च्या नियमांनुसार ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेणे बंधनकारक आहे. म्हणजे खासगी क्षेत्रात, मर्यादित का होईना, राखीव जागांचा कायदा या देशात आहे आणि कित्येक वर्षांपासून आहे! त्याची अंमलबजावणी होते का, हे विचारायला कोण गेले? आपल्या जिल्ह्यात किती आस्थापना ३० च्या वर आहेत, किती शिकाऊ घेतले, त्यात अनुसूचित जातीचे किती, जमातीचे किती, या चार प्रश्नांचा माहिती अधिकाराचा अर्ज एका पानात बसतो.

मालकांची बाजू मात्र जागी आहे. २०१४ ची दुरुस्ती बघा. त्याआधी शिकाऊ न घेणाऱ्या मालकाला तुरुंगवासाची तरतूद होती, ती काढली. आता दंड आहे, आणि तो किती, तर एका शिकाऊच्या तुटीमागे पहिले तीन महिने महिन्याला ५०० रुपये, मग १,००० रुपये. सात हजार देऊन शिकाऊ घेण्यापेक्षा हजार भरून न घेणे स्वस्त. हा कायदा आहे की सवलतीची योजना? आणि घेतलाच शिकाऊ, तर त्याला नेहमीच्या कामगाराच्या जागी उभे करा आणि विद्यावेतनावर पूर्ण काम काढून घ्या. एक तुकडी गेली की दुसरी आणा. नोकरी देण्याचे बंधन नाही. कलम २२ म्हणते, शिकाऊंच्या भरतीबाबत मालकाने स्वतःचे धोरण ठरवावे. धोरण 'कोणालाच घ्यायचे नाही' असे असले तरी चालते की काय, हे कायदा सांगत नाही. मार्च २०१८ मध्ये मुंबईत दादर-माटुंग्याच्या रुळांवर शेकडो तरुण बसले होते, लोकल बंद पडल्या, लाठीमार झाला. ते रेल्वेचे शिकाऊ होते. शिकून झाले होते, प्रमाणपत्र हातात होते, काम मागत होते. लोकलमध्ये अडकलेल्या मुंबईने त्यांना शिव्या दिल्या. त्यांच्या पाठीशी एखादी मोठी संघटना आधीपासून उभी असती तर त्यांना रुळावर बसावे लागले असते का?

आता संघटनांकडे वळतो. लाल, भगवा, तिरंगी आणि निळा, चारही बावट्यांच्या कामगार नेत्यांना हा प्रश्न आहे : आपल्या सभासद यादीत शिकाऊ किती आहेत? उत्तर मला ठाऊक आहे. 'ते वर्षभराचे पाहुणे, वर्गणी कोण देणार?' संघटना आज कायम कामगाराची आहे, तीही घटत चाललेल्या कायम कामगाराची. कंत्राटी कामगार अर्धा बाहेर, शिकाऊ पूर्ण बाहेर. आणि मग हेच नेते म्हणतात, तरुण पिढी संघटनेत येत नाही. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने तर पंधरा वर्षे पूर्ण केलेल्या कोणालाही नोंदणीकृत संघटनेचा सभासद होण्याची मुभा दिली होती, संघटनेच्या स्वतःच्या नियमांनी अडवले नाही तर. म्हणजे इतकी वर्षे दार कायद्याने बंद केले नव्हते, संघटनांनी लोटून ठेवले होते. जातीचा प्रश्न १९२८ मध्ये ज्या कारणाने टाळला, शिकाऊचा प्रश्न आज त्याच कारणाने टाळला जातो. ज्याचे हित आधीच सुरक्षित आहे, त्याला नव्या माणसाची भीती वाटते.

दुसरीकडे काय आहे? अमेरिकेत हाच एसी-चिलरचा ट्रेड शिकायचा असेल तर एक रस्ता संघटनेतून जातो. पाइपफिटर आणि एसी मेकॅनिक यांची 'युनायटेड असोसिएशन' ही १८८९ पासूनची संघटना आहे. तिथे शिकाऊ उमेदवारी साधारण पाच वर्षांची असते आणि ती चालवणारी समिती निम्मी मालकांची, निम्मी संघटनेची असते. शिकाऊ पहिल्या दिवसापासून संघटनेच्या करारात येतो. त्याची मजुरी पक्क्या कारागिराच्या मजुरीच्या ठरावीक टक्क्यांनी सुरू होते आणि टप्प्याटप्प्याने वाढत जाते. कोणत्या वर्षी काय शिकवायचे ते लिहिलेले असते आणि न शिकवल्यास विचारणारे कोणीतरी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेले असते. शिकणाऱ्याला पगार कसला, हा प्रश्न तिथल्या मालकानेही विचारला असेलच. त्याला उत्तर संघटनेच्या ताकदीने दिले.

पण अमेरिकेच्या नावाने आरती ओवाळायला मी बसलेलो नाही. त्याच ट्रेडच्या शेजारची गोष्ट ऐका. न्यूयॉर्कमध्ये पत्र्याचे डक्ट बनवणाऱ्या कामगारांची 'लोकल २८' नावाची शाखा आहे. एसीची हवा ज्या डक्टमधून वाहते, ते हे लोक बनवतात. संघटना मजबूत, मजुरी उत्तम, आणि शिकाऊंची भरती सभासदांच्या मुला-पुतण्यांतून! काळ्यांना दार बंद. १९६४ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या मानवी हक्क आयोगाने या शाखेवर वंशभेदाचा ठपका ठेवला. १९७५ मध्ये न्यायालयाने २९ टक्के सभासद गोरेतर असण्याचे लक्ष्य ठरवून दिले. शाखेने टाळाटाळ केली, न्यायालयाच्या अवमानाचा दंड झाला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९८६ मध्ये त्या न्यायालयाने ते लक्ष्य कायम ठेवले. बावीस वर्षे लागली. संघटना होती, लढाऊ होती, आणि तरीही काळ्या मुलासाठी ती मालकाइतकीच बंद होती. ज्यांना वाटते की आधी संघटना करू, जातीचे नंतर बघू, त्यांनी लोकल २८ चा हा निकाल वाचावा. राखीव जागेशिवाय संघटना म्हणजे उस्तादाच्या भाच्याची सोय, आणि संघटनेशिवाय राखीव जागा म्हणजे प्रमाणपत्रासह बादली. आपल्याला दोन्ही एकत्र हवे आहेत. एकाच्या बदल्यात दुसरे सोडायला कोणी सांगितले तर त्याचे ऐकू नका.

एक आक्षेप नेहमी येतो. शिकाऊला हक्क द्याल तर मालक शिकाऊ घेणारच नाहीत, मुलांची आहे ती संधी जाईल. हा आक्षेप बालमजुरी बंद करताना आला होता, किमान वेतनाच्या वेळी आला होता, बाळंतपणाच्या रजेच्या वेळीही आला होता. मालकाला शिकाऊ घेणे कायद्याने बंधनकारक आहे, मेहेरबानी म्हणून तो घेत नाही. शिवाय राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा २५ टक्के भाग, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, सरकार उचलते. पैसा जनतेचा, घाम पोराचा, आणि अटी मात्र मालकाच्या!

सुरक्षेबद्दल थोडे बोलणे भाग आहे. या ट्रेडमध्ये न शिकवणे म्हणजे जीव घेणे आहे. गळती तपासायला पाइपात नायट्रोजन भरतात. नायट्रोजनचा सिलेंडर संपला म्हणून ब्रेझिंगचा ऑक्सिजन भरला, तर कॉम्प्रेसरमधल्या तेलाशी दाबाखाली त्याचा स्फोट होतो. नव्या एसीत येणारा आर-३२ गॅस थोडाफार पेट घेणारा आहे, आणि आर-२९० तर सरळ प्रोपेनच. जुन्या शीतगृहात अमोनिया असतो, गळला तर डोळे आणि फुप्फुसे जातात. बाहेरचे युनिट तिसऱ्या मजल्याच्या सज्जावर असते आणि पट्टा न बांधता पोरगा तिथे उतरतो, कारण पट्टा मागितला तर 'घाबरतोस काय' म्हणून हसतात. हे सगळे उस्तादाने पहिल्या महिन्यात सांगायला हवे. संघटना असती तर सांगावेच लागले असते. कायदा शिकाऊला कामगार मानत नसला तरी दोन ठिकाणी त्याने जबाबदारी मालकावर ठेवली आहे. कलम १४ प्रमाणे कारखान्यातल्या सुरक्षेच्या तरतुदी शिकाऊलाही लागू होतात आणि कलम १६ प्रमाणे अपघात झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावर येते. पडल्यावर 'तो आमचा माणूसच नाही' म्हणणारा ठेकेदार भेटला, तर हे दोन आकडे त्याच्यासमोर ठेवा.

आता घरचा आहेर. आपल्या वस्त्यांत आज दोनच स्वप्ने विकली जातात : एमपीएससी आणि पोलीस भरती. अभ्यासिका काढायची तर स्पर्धा परीक्षेची, व्याख्यान ठेवायचे तर अधिकारी झालेल्या मुलाचे, सत्कार करायचा तर फौजदाराचा. त्यात वाईट काही नाही. पण ज्या शेकडो मुलांची निवड होत नाही त्यांचे काय, आणि ज्यांनी मुद्दाम हाताचा हुन्नर निवडला त्यांचे काय? आयटीआयच्या पोराला आपल्याच विहारात 'काय मग, पुढे काही शिकणार की नाही' असे विचारले जाते, जणू तो शिकलेलाच नाही. हाताने काम करणाऱ्याला खालचा मानण्याची ही सवय कोणाकडून आली, हे मी आंबेडकरी वाचकाला सांगायला नको. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये पक्ष काढला त्याचे नाव स्वतंत्र मजूर पक्ष होते. ७ नोव्हेंबर १९३८ चा संप त्यांनी संपाचा हक्क वाचवण्यासाठी केला. मजूरमंत्री असताना १९४३ मध्ये मालकांनी कामगार संघटनेला मान्यता देणे सक्तीचे करणारे विधेयक मांडले. 'जय भीम' हा शब्द ज्यांनी रुजवला, ते कामठीचे बाबू हरदास विडी मजुरांत काम करत होते, आणि विडीचा धंदा म्हणजे आपले भंडारा-गोंदिया. १९५४ मध्ये बाबासाहेब याच भंडारा मतदारसंघातून पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि पडले. तेव्हा गोंदिया भंडाऱ्यातच होता. या मातीवर त्यांचे ते मतांचे देणे राहिले आहे असे म्हणतात. फेडायचेच असेल तर निदान त्यांच्या मजूर-राजकारणाची आठवण तरी ठेवू.

मग करायचे काय? येत्या जूनपासून जी मुले शिकाऊ म्हणून लागतील, त्यांनी पहिल्या दिवशी करार मागावा. करार नसेल आणि नुसते 'हेल्पर म्हणून ये' असे म्हटले असेल, तर तुम्ही शिकाऊ नाही, कामगार आहात, आणि मग किमान वेतन मागायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. मालकाला दोन्ही बाजूंनी खाऊ देऊ नका. करार असेल तर त्याची नोंदणी झाली का ते बघा. रोज काय काम केले ते वहीत लिहा, तारखेसह : आज फिल्टर धुतले, आज फिल्टर धुतले, आज फिल्टर धुतले. तीन महिन्यांची अशी वही म्हणजे पुरावा आहे. शिकवण्यासाठी पात्र माणूस नेमणे हे कलम ११ प्रमाणे मालकाचे काम आहे आणि प्रगतीची नोंद ठेवणे हेही त्याचेच काम आहे. जादा वेळ थांबवून घेणे शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या मंजुरीशिवाय चालत नाही. वाद झाला तर कामगार न्यायालयाचा रस्ता नाही, तक्रार याच सल्लागाराकडे जाते आणि त्याच्या निर्णयावर तीस दिवसांत अपील करता येते. हे कार्यालय कुठे आहे ते आयटीआयमध्ये विचारले की कळते.

एकट्या मुलाने तक्रार दिली तर त्याचे वर्ष वाया जाईल, ही भीती खरी आहे. म्हणून तक्रार एकट्याची असू नये. जिल्ह्यात निळ्या झेंड्याच्या कामगार संघटना आहेत, त्यांनी शिकाऊंचा वेगळा विभाग काढावा, वर्गणी महिन्याला दहा रुपये ठेवावी आणि पहिल्या सभेला आरएसी, इलेक्ट्रिशियन, फिटर, वेल्डर या सगळ्या ट्रेडची पोरे बोलवावीत. फक्त आपल्याच समाजाची नको, गोंड, हलबी, ढिवर, पोवार, कुणबी सगळ्यांची. बादली सगळ्यांच्याच वाट्याला थोडीफार येते, आपल्या वाट्याला ती जास्त येते एवढेच. आणि १४ एप्रिलच्या समित्यांना माझी विनंती आहे : यंदा डीजेच्या पैशातून एक गेज मॅनिफोल्ड, एक व्हॅक्यूम पंप, एक नायट्रोजन रेग्युलेटर आणि भंगारातला एक चालता कॉम्प्रेसर घ्या. ते विहाराच्या मागच्या खोलीत ठेवा. रविवारी एखाद्या जाणत्या मेकॅनिकला बोलवा. उस्ताद गेजला हात लावू देत नसेल तर पोराने तिथे लावावा.

माहिती अधिकाराच्या अर्जाचे चार प्रश्न वर दिलेच आहेत. अर्ज मराठीत लिहा, दोन प्रती काढा आणि एकीवर पोच घ्या.

जय भीम.